उजनीच्या पाण्यासाठी जीपीएसवाला फिश फाइंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माढा, करमाळा आणि पलीकडे इंदापूरच्या काठावरून उजनी धरणात होडी घालणाऱ्यांसाठी ही उत्तरे आहेत. हिप्परगा तलावासारख्या उथळ पाण्यातही यातले बरेच लागू पडते. समुद्रावरची गणिते वेगळी असतात. कोकणातल्या ओळखीच्या माणसाने सुचवलेले यंत्र इथे जसेच्या तसे घेण्याआधी हे वाचा.

फिश फाइंडर घेतला की मासे सापडतात का?

यंत्र आधी तळ दाखवते, मग पाण्यात मध्ये काय आहे ते. होडीखालचा ट्रान्सड्यूसर ध्वनीचा ठोका सोडतो. तो तळाला आणि वाटेतल्या वस्तूंना आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळेवरून यंत्र खोली काढते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणजे 10 मीटर तळावरून प्रतिध्वनी यायला साधारण 13 मिलिसेकंद लागतात. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज जोरात परततो, म्हणून मासा उठून दिसतो.

पण होडीखालचा मासा जाळे टाकेपर्यंत तिथेच थांबेल याची खात्री नाही. तळाचा उंचवटा, जुन्या नदीपात्राचा काठ, बुडालेली झाडे मात्र उद्याही तिथेच असतात आणि मासळी पुन्हा पुन्हा त्यांच्याच आसऱ्याला येते. यंत्राचे पैसे वसूल होतात ते या जागा शोधून, त्यांची खूण करून, परत नेमके तिथे पोहोचण्यात. त्यासाठीच जीपीएस लागतो.

रोजचेच पाणी आहे, खुणा तोंडपाठ आहेत. मग जीपीएस कशाला?

काठावरचे झाड, देवळाचा कळस, विजेचा टॉवर अशा दोन खुणा जुळवून जागा धरायची पद्धत चांगलीच आहे, ती सोडू नका. पण उजनीचा फुगवटा मोठा. भरलेल्या धरणात मध्यावर गेले की दोन्ही काठ लांब पडतात, हिवाळ्यात सकाळी धुक्यात दिसत नाहीत, आणि पाणी उतरले की काठच सरकतो. जीपीएसची खूण मात्र जागची हलत नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या यंत्राची अचूकता साधारण 3 ते 5 मीटर असते. होडीच्या लांबीएवढीच ही चूक झाली. त्या अंतरात दोन-चार फेऱ्या मारल्या की स्क्रीनवर जागा सापडतेच.

उजनीसाठी किती ताकदीचे यंत्र लागेल?

खोक्यावरचा खोलीचा आकडा पाहून भुलू नका. उजनी धरणाची उंचीच पायापासून साधारण 56 मीटर आहे आणि पाण्याची खोली त्याहून बरीच कमी. गोड्या पाण्यात 300-400 मीटर खोल पाहणारे यंत्र इथे निम्म्या ताकदीनेही चालत नाही. जास्त वॅटसाठी मोजलेला पैसा चांगल्या स्क्रीनवर आणि ट्रान्सड्यूसरवर घाला.

पाहायच्या गोष्टी अशा. साधा सोनार, म्हणजे ध्वनीने खोली आणि मासे पाहणारा भाग, चर्प प्रकारचा असावा. त्यात एकाच वारंवारतेऐवजी पट्ट्यातल्या अनेक वारंवारता एका ठोक्यात जातात, त्यामुळे तळाला चिकटलेला मासा तळापासून सुटा दिसतो. सोबत खाली पाहणारे इमेजिंग असावे, म्हणजे 455 किंवा 800 किलोहर्ट्झवर तळाचे फोटोसारखे चित्र. बुडालेल्या बाभळी आणि भिंती त्यात ओळखू येतात. आणि खोलीचा नकाशा स्वतः काढण्याची सोय हवीच. गार्मिनच्या स्ट्रायकर विविडमध्ये ती क्विकड्रॉ नावाने येते, हमिनबर्डच्या हेलिक्समध्ये ऑटोचार्ट लाइव्ह, लॉरन्सच्या हुक रिव्हीलमध्ये जेनेसिस लाइव्ह. गार्मिनच्या साध्या स्ट्रायकर 4 मध्ये खुणा साठवता येतात, पण असा नकाशा काढता येत नाही. उजनीवर नियमित जाणाऱ्याने हा फरक ओळखूनच खरेदी करावी.

बाजूला पाहणारे साइड इमेजिंग महाग पडते. उथळ पाण्यात ते खरोखर उपयोगी आहे, कारण तिथे होडीखालचा ध्वनीचा शंकू अगदी अरुंद असतो आणि होडीच्या सावलीने मासा बाजूला पळतो. पैसे असतील तर घ्या, कर्ज काढून नको.

किलोहर्ट्झ आणि शंकूचा कोन यांचा नेमका अर्थ काय?

किलोहर्ट्झ म्हणजे ध्वनीची सेकंदाला हजार कंपने. ध्वनी खाली जाताना शंकूसारखा पसरत जातो. 200 किलोहर्ट्झचा शंकू ढोबळमानाने 20 अंशांचा धरा, 80 किलोहर्ट्झच्या आसपासचा काही ट्रान्सड्यूसरमध्ये 60 अंशांपर्यंत जातो. 20 अंशांच्या शंकूत 10 मीटर खोलीवर तुम्ही तळाचे साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ पाहता. 60 अंशांत तेच साडेअकरा मीटर होते. आणि 2 मीटर पाण्यात 20 अंशांचा शंकू जेमतेम 70 सेंटिमीटर पाहतो. काठाजवळ स्क्रीन रिकामी दिसते याचा अर्थ मासे नाहीत असा होत नाही.

रुंद शंकूने जास्त पाणी चाळले जाते, पण मासा होडीच्या खाली आहे की पाच मीटर डावीकडे, हे कळत नाही. उतारावर तर रुंद शंकू सर्वांत जवळचा, म्हणजे उथळ भाग आधी पकडतो आणि खालचा तळ झाकून टाकतो. जुन्या पात्राचा काठ शोधताना म्हणून 200 किलोहर्ट्झच ठेवा.

स्क्रीन किती इंचाची?

उन्हात वाचता येईल तेवढी. एकच चित्र पाहणार असाल तर 4-5 इंच चालते. सोनार आणि नकाशा शेजारी-शेजारी पाहायचे असतील तर 7 इंच घ्या, नाहीतर दोन्ही अर्धवट दिसतात. दुकानात पाहून ठरवू नका. यंत्र बाहेर उन्हात आणून, काळा चष्मा घालून बघा. काही स्क्रीन पोलराइज्ड चष्म्यातून एका कोनात काळ्या दिसतात.

उजनीच्या तळाचा तयार नकाशा कार्डावर मिळतो का?

कोणी विकायला आला तर पैसे द्यायच्या आधी ते कार्ड यंत्रात घालून उजनीच्या आतल्या खोलीच्या रेषा दाखवायला सांगा. काठाची निळी बाह्यरेषा म्हणजे तळाचा नकाशा नव्हे. आपला नकाशा आपणच काढावा लागतो. नकाशा नोंदणी चालू करून 20-25 मीटर अंतराने समांतर फेऱ्या मारायच्या, वेग ताशी 6-8 किलोमीटरच्या आत ठेवायचा आणि वारा पडलेला असतो तेव्हा, म्हणजे पहाटे, हे काम उरकायचे. सगळे धरण रंगवत बसू नका. ज्या दोन-तीन भागांत जाळी लावता तेवढेच नीट काढा.

मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती देणारी हैदराबादच्या इन्कॉइसची सेवा समुद्रासाठी आहे. धरणात तिचा उपयोग नाही.

ट्रान्सड्यूसर कुठे आणि कसा बसवायचा?

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच जन्माला येतात, म्हणून हे सविस्तर.

इंजिन असलेल्या फायबर होडीत ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर बसतो. पंख्यापासून किमान 38 सेंटिमीटर दूर आणि पंख्याचे पाते ज्या बाजूला खाली उतरते त्याच बाजूला. मागून पाहिल्यावर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर सहसा उजवी बाजू चांगली. पण आपल्या इंजिनाचा पंखा पुढच्या गिअरमध्ये कसा फिरतो हे स्वतः पाहूनच ठरवा. होडीच्या बुडाला पुढे जिथे पट्टी, रिव्हेट किंवा जोड आहे, त्याच्या सरळ मागे बसवू नका, तिथून बुडबुड्यांची रांग येते.

उंची महत्त्वाची. फायबर होडीत ट्रान्सड्यूसरचा तळ होडीच्या बुडापेक्षा साधारण 3 मिलिमीटर खाली ठेवा, ॲल्युमिनियमच्या होडीत साधारण 10 मिलिमीटर. वर राहिला तर हवा मध्ये येते, जास्त खाली गेला तर पाणी उडते आणि तोच अडथळा होतो. होडी माणसे आणि सामानासह तरंगत असताना त्याचा चेहरा तळाशी समांतर हवा. काठावर रिकाम्या होडीत समांतर लावलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात मागे कलतो. कललेला आहे हे ओळखायची खूण म्हणजे माशाच्या कमानीची एकच बाजू दिसणे.

स्क्रू मारण्याआधी लाकडी पट्टीवर क्लॅम्पने तात्पुरता बांधून एक फेरी मारा. जागा जमली की 3 मिलिमीटरचे भोक पाडा, भोकात आणि स्क्रूच्या आट्यांवर बोटीसाठीचा सीलंट भरा आणि मगच आवळा. फायबरमध्ये सीलंटशिवाय स्क्रू मारला तर आतल्या लाकडात पाणी मुरते आणि दोन पावसाळ्यांत फळी मऊ पडते. ट्रान्सड्यूसरची वायर इंजिनाच्या वायरींसोबत एका गठ्ठ्यात बांधू नका. लांब झाली म्हणून ती कापून जोडूही नका. जादा वायर सैल गुंडाळी करून ठेवा.

आमची होडी वल्ह्याची, पत्र्याची आहे. भोके पाडायची नाहीत.

मग पाइपचा दांडा करा. दीड मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, होडीच्या कडेला पकडायला दोन सी-क्लॅम्प, खाली ट्रान्सड्यूसर बसवायला ब्रॅकेट आणि वायर धरायला दर 20 सेंटिमीटरवर केबल टाय. ट्रान्सड्यूसर बुडापेक्षा 5-10 सेंटिमीटर खाली राहील असा बांधा. दांड्याला वरून एक पातळ सुतळी बांधून होडीला अडकवा. क्लॅम्प निसटला तर यंत्राचा सगळ्यात महागडा भाग तळाला जातो. काठाकडे येताना दांडा आधी वर घ्या, चिखलात रुतून ब्रॅकेट मोडण्याचे प्रकार याच वेळी होतात. दांडा आडवा फिरू देऊ नका, विशेषतः साइड इमेजिंग असेल तर. दहा अंश फिरला तरी उजवी-डावी बाजू चुकीच्या ठिकाणी दिसते.

होडीच्या आतून तळाला चिकटवला तर?

भरीव फायबरमधून साधा सोनार चालतो. मध्ये थर्मोकोल, फोम किंवा प्लायवूड असेल तर चालत नाही, लाकडी आणि पत्र्याच्या होडीतही या भानगडीत पडू नका. चिकटवताना इपॉक्सीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळे वाया. तपासायला आधी प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवून होडीच्या बुडावर टेका आणि खोली नीट येते का बघा. आतून लावल्यावर तापमान पाण्याचे नव्हे, होडीच्या बुडाचे दिसते आणि इमेजिंगचे चित्र मिळत नाही.

बॅटरी कोणती, किती वेळ चालेल?

12 व्होल्ट, 7 एएच (अँपियर-तास). यूपीएसमध्ये असते तीच, सोलापुरात इन्व्हर्टर-बॅटरीच्या कोणत्याही दुकानात मिळते. वजन दोन-अडीच किलो. 4 इंची यंत्र साधारण पाव अँपियर घेते, 7 इंची पाऊण-एक अँपियर. शिशाची बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे साडेतीन एएच. हिशेबाने लहान यंत्र 14 तास, मोठे चार तासांच्या आसपास. पडून असताना व्होल्टेज 12.2 च्या खाली गेले की त्याच रात्री चार्जिंगला लावा. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिचे आयुष्य घटते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी आणि टिकाऊ, पण तिला तिचाच 14.6 व्होल्टचा चार्जर लागतो. ई-रिक्षाच्या 48 व्होल्टच्या संचातून एक बॅटरी काढून आणली तर चालेल, आख्ख्या संचाला मात्र यंत्र जोडू नका, क्षणात जळते.

लाल वायरवर बॅटरीच्या जवळ फ्यूज हवाच, किती अँपियरचा ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. लहान यंत्रांना बहुधा 3 अँपियरचा लागतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून तारेचा तुकडा लावणे म्हणजे रोग सोडून ताप झाकणे. सेल्फ स्टार्टच्या इंजिनाला आणि फिश फाइंडरला एकच बॅटरी असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज घसरते आणि यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होते. वेगळी बॅटरी ठेवा. ती झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, पट्ट्याने बांधून.

पहिल्यांदा चालू केल्यावर कोणती सेटिंग्ज बदलायची?

एकके मीटरमध्ये, पाणी गोडे. खारे पाणी निवडलेले राहिले तर आवाजाचा वेग चुकीचा धरला जातो आणि 20 मीटरला अर्ध्या मीटरच्या आसपास फरक पडतो. ट्रान्सड्यूसर पृष्ठभागाखाली जितका आहे तितके कील ऑफसेटमध्ये भरा, म्हणजे खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून दिसेल. मग ओळंबा घ्या. दोरीला जड वजन बांधून दर मीटरला गाठ मारायची आणि तीन वेगवेगळ्या खोलीच्या जागी यंत्राचा आकडा दोरीशी ताडून बघायचा.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राने किती क्षीण प्रतिध्वनी दाखवायचे ते, आधी ऑटोवर ठेवा. हात बसला की वाढवत न्या. स्क्रीनवर मीठ पेरल्यासारखे ठिपके येऊ लागले की दोन पायऱ्या खाली या. रेंज, म्हणजे स्क्रीनवर किती मीटरपर्यंत दाखवायचे ते, खोलीपेक्षा थोडी जास्त ठेवा. 8 मीटर पाण्यात 40 मीटरची रेंज ठेवली तर सगळे काही वरच्या पट्टीत दाटते.

सिम्युलेटर बंद आहे ना हे बघा. घरी सराव करायला तो उत्तम, पण चालू राहिला तर यंत्र पाण्यावरही बनावट मासे आणि बनावट खोली दाखवत राहते. खोलीचा आकडा ओळंब्याशी अजिबात जुळत नसेल तर पहिला संशय याचाच घ्या. आणि यंत्र बादलीत तपासून खराब ठरवू नका, कडांवरून आवाज इकडेतिकडे आपटून तिथे आकडे वेडेवाकडेच येतात.

स्क्रीन वाचायची कशी? मासा कमानीसारखा का दिसतो?

उजवी कड म्हणजे आत्ता, डावीकडचे सगळे मागे पडलेले. मासा शंकूत शिरतो तेव्हा ट्रान्सड्यूसरपासून लांब असतो, मध्यावर आला की सर्वांत जवळ, बाहेर पडताना पुन्हा लांब. अंतराचा हा चढउतार कमान बनून दिसतो. होडी थांबलेली आणि मासाही स्थिर असेल तर कमान होत नाही, सरळ आडवी रेष येते. म्हणून रेषेची लांबी पाहून माशाचा आकार ठरवू नका. रेषेची जाडी आणि रंगाचा जोर बघा, तोही अंदाजच.

थांबलेल्या होडीत स्क्रीन पुढे सरकत राहते आणि सपाट तळ लांबच लांब दिसतो. तो एकाच जागेचा असतो. नवखा माणूस याला मोठे सपाट मैदान समजतो.

तळाची रेष पातळ, ठळक आणि तिच्या दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेष आली तर तळ खडकाळ किंवा कडक मुरुमाचा. रेष जाड, विस्कटलेली, दुसरा प्रतिध्वनी नाही म्हणजे गाळ. उन्हाळ्यात संथ, खोल पाण्यात मध्येच आडवा धूसर पट्टा दिसतो, तो बहुधा गरम आणि थंड पाण्याचा सांधा. सेन्सिटिव्हिटी वाढवली की जास्त उठून दिसतो.

माशांची चित्रे दाखवणारी फिश आयडी सोय चालू ठेवावी का?

बंद. फांदी, बुडबुड्यांचा झुबका, तरंगती जलपर्णीची मुळे, सगळ्याला यंत्र मासा ठरवते. कच्ची कमान वाचायला दोन-तीन फेऱ्यांत जमते.

कटला आहे की चिलापी, हे कळते का?

यंत्राला जात कळत नाही, तुम्हाला खोलीवरून अंदाज बांधता येतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. वर सुट्या जाड कमानी आणि तळाला चिकटलेल्या कमानी यांचा अर्थ म्हणून वेगळा लावायचा. उथळ काठावर घरटी करून बसलेली चिलापी अरुंद शंकूत सापडतच नाही. चिखलात शिरलेली वाम आणि गवतात दडलेली मरळ यंत्राच्या आवाक्याबाहेर, तिथे तुमची माहितीच कामाची.

लहान मासळीचा ढग दिसला म्हणून बारीक आसाचे जाळे टाकू नका. उद्याचे उत्पन्न आजच काढल्यासारखे होते, आणि नियमातही ते बसत नाही.

बुडालेली झाडे, विहिरी, भिंती ओळखायच्या कशा?

धरण होण्याआधी इथे गावे, मळे, विहिरी होत्या. पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ आणि कुगावचा वाडा वर येतात हे सगळ्यांना माहीत आहे. न दिसणाऱ्या शेकडो गोष्टी खालीच राहतात आणि जाळी फाडतात.

उभे वाळलेले झाड साध्या सोनारवर तळातून वर आलेला विस्कटलेला झुबका दिसते, खालच्या इमेजिंगमध्ये खोड आणि फांद्या वेगळ्या होतात. भिंत म्हणजे सरळ कडांचा उठाव. विहीर फसवते. होडी बरोबर तिच्या तोंडावरून गेली तर तळ एका झटक्यात खाली पडतो आणि लगेच वर येतो, मीटरभर बाजूने गेली तर काहीच दिसत नाही. असा अचानक खड्डा दिसला की खूण करा आणि त्यावरून काटकोनात दुसरी फेरी मारा. दोन्ही फेऱ्यांत खड्डा आला तर विहीर, एकाच दिशेत लांबट आला तर नाला किंवा चारी.

आणखी एक मार्ग आहे आणि तो फुकट आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की उघड्या पडलेल्या भागात पायी जा आणि मोबाइलच्या जीपीएसवर विहिरी, बांध, झाडांचे बुंधे यांची नोंद करा. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा 59 टक्क्यांपर्यंत, म्हणजे वापराचा साठा संपून मृतसाठ्यातही खोलवर, उतरले होते. त्या वेळी जेवढा तळ उघडा पडला, तेवढा कोणत्याही सोनारने इतका स्वच्छ दिसणार नाही. त्या नोंदी यंत्रात भरल्या की पुढची अनेक वर्षे जाळी वाचतात. गाळात मात्र एकट्याने शिरू नका.

खूण कशी करावी, नाव काय द्यावे?

वस्तू स्क्रीनवर दिसते तेव्हा होडी पुढे गेलेली असते. बऱ्याच यंत्रांत स्क्रीन थांबवून, मागे सरकवून, बरोबर त्या कमानीवर बोट किंवा कर्सर ठेवून खूण करता येते. तीच पद्धत वापरा. नुसते बटण दाबले की खूण पुढच्या जागेची होते.

यंत्र आपोआप 001, 002 अशी नावे देते. महिनाभराने त्यांचा पत्ता लागत नाही. छोटे सांकेतिक नाव द्या: झाडाला एक अक्षर, विहिरीला एक, चांगल्या जागेला एक, पुढे खोली. जाळे अडकण्याच्या जागांना लाल चिन्ह. आणि महिन्यातून एकदा सगळ्या खुणा वहीत उतरवा. यंत्र पाण्यात पडले तर वही राहते.

ऑक्टोबरमध्ये खूण केली तेव्हा 9 मीटर होते, एप्रिलमध्ये 4 दाखवतो. यंत्र बिघडले का?

यंत्र बरोबर आहे, पाणी उतरले. उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर आणि मृतसाठ्याची पातळी 491.03 मीटर. म्हणजे 100 टक्क्यांवरून शून्यावर येताना प्रत्येक जागेची खोली 5.8 मीटरने कमी होते. त्यानंतर वजा टक्क्यांत आणखी उतार येतो. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे, मृतसाठाच 63 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) पुढे आहे.

म्हणून खूण करताना खोलीसोबत त्या दिवशीची धरणाची पातळीही लिहायची, आणि ती टक्क्यांत नको, मीटरमध्ये. धरण वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळे वरच्या दहा टक्क्यांना पाणी जेवढे उतरते त्याहून खालच्या दहा टक्क्यांना जास्त उतरते. टक्क्यांवरून काढलेला अंदाज चुकतो. पातळीचा रोजचा आकडा जलसंपदा विभागाकडून येतो आणि स्थानिक बातम्यांतही असतो.

हिशेब असा. 496.5 पातळीला 9 मीटर खोलीची खूण असेल तर त्या तळाची उंची 487.5. आज पातळी 492 असेल तर तिथे साडेचार मीटर पाणी. वहीत तळाची उंचीच लिहून ठेवली की वर्षभर एकच वजाबाकी पुरते. आपण काढलेल्या नकाशालाही हेच लागू. काही यंत्रांत पातळीचा फरक भरायची जागा असते, तिथे तो भरा. नाहीतर नकाशावर 5 मीटर आणि खाली खडक, अशी गाठ पडते आणि पंखा जातो.

मित्राने पाठवलेले लोकेशन भरले तर खूण अर्धा किलोमीटर दूर पडते.

अंश-मिनिटे लिहिण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. 18 अंश 04.50 मिनिटे आणि 18 अंश 04 मिनिटे 50 सेकंद यांत 600 मीटरहून जास्त फरक पडतो. मोबाइलचा नकाशा दशांश अंश देतो, यंत्र बहुधा दशांश मिनिटे. यंत्राच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलून मित्राच्या पद्धतीवर न्या, मग आकडे भरा. डेटम, म्हणजे आकडे ज्या आधारावर मोजले जातात तो, दोघांकडे डब्ल्यूजीएस 84 असावा. दशांश अंशांत पाच आकडे लिहा, पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो.

वेग घेतला की तळ गायब होतो.

ट्रान्सड्यूसरसमोर हवा येते आहे. तीन मिलिमीटर खाली घ्या, पुन्हा चालवून बघा. तरी नाही गेले तर मागचे टोक किंचित खाली कलवा. तरीही नाही तर जागा बदला. इंजिनाचा वेग वाढला की स्क्रीनभर उभ्या रेषा येत असतील तर तो विजेचा गोंगाट असतो. होडी बांधलेली असताना इंजिनाचा वेग वाढवून बघा. रेषा तरीही आल्या तर वायरी वेगळ्या करा आणि रेझिस्टर प्रकारचा स्पार्क प्लग लावा.

ट्रान्सड्यूसरवर हिरवा थर बसतो, काय करावे?

मऊ कापड, साबणाचे पाणी. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन लावू नका, प्लास्टिकचा चेहरा चिरतो. उजनीत शेवाळ आणि जलपर्णी दोन्ही मुबलक. होडी पाण्यातच उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा हात फिरवा. बरेच दिवस कोरडा राहिलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात टाकल्यावर पहिली काही मिनिटे आकडे उड्या मारतात, ओला झाला की बसतात.

सोलापूरच्या उन्हाचा त्रास होतो का?

चालताना फारसा नाही, ठेवताना होतो. बहुतेक यंत्रांची मर्यादा 55 अंशांच्या आसपास असते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान त्यापुढे सहज जाते. पाण्यावर न वापरता उभे असाल तेव्हा पांढऱ्या ओल्या पंचाने झाका. वीजवापर आणि उष्णता दोन्ही कमी व्हावीत म्हणून संध्याकाळी प्रकाश कमी करा.

मोबाइल आणि पाण्यात फेकायचा छोटा सोनार पुरेल का?

गळाने काठावरून मासे पकडणाऱ्यांना पुरतो. चेंडूएवढा सोनार गळाच्या दोरीला बांधून फेकायचा, चित्र वाय-फायने मोबाइलवर येते. होडीला मात्र कमी पडतो. उन्हात मोबाइल तापून बंद पडतो, ओल्या हाताने स्क्रीन चालत नाही. मोबाइलचा जीपीएस रेंज नसतानाही चालतो, पण नकाशा आधीच उतरवून ठेवावा लागतो.

जीपीएस यंत्र बाळगायला परवाना लागतो का?

साध्या जीपीएसला किंवा फिश फाइंडरला नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र किंवा उपग्रह फोन वेगळा, तो परवान्याविना बाळगणे भारतात गुन्हा आहे. परदेशातून कोणी भेट म्हणून आणला तरी. मासेमारीच्या परवान्याचा आणि यंत्राचा संबंध नाही, तो स्वतंत्र लागतोच.

वादळात, अंधारात याचा उपयोग होतो का?

निघताना धक्क्यावर खूण करा आणि ट्रॅक, म्हणजे गेलेल्या वाटेची नोंद, चालू ठेवा. परतताना तीच रेष उलटी धरायची म्हणजे विहिरी, भिंती टळतात. सरळ रेषेत घराकडे नेणाऱ्या पर्यायावर रात्री विसंबू नका, तो मधले अडथळे पाहत नाही.

21 मे 2024 रोजी संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी बोट अचानक आलेल्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर क्षितिजावर ढग काळे होऊ लागले की यंत्राकडे न बघता काठाकडे निघा. बजेट तोकडे असेल तर आधी होडीतल्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घ्या, ते अंगात असू द्या, आणि फिश फाइंडर पुढच्या हंगामात घ्या.

जुना फिश फाइंडर घ्यायचा आहे. काय तपासावे?

ट्रान्सड्यूसर सोबत आहे ना आणि त्याच यंत्राचा आहे ना, हे पहिले. जोडणीच्या पिना वेगळ्या असतात आणि एकट्या ट्रान्सड्यूसरची किंमत बरीच येते. वायर हाताने पूर्ण चाचपून घ्या, कुठे जोड किंवा उंदराने कुरतडलेले नाही ना. पिनांवर हिरवा गंज असेल तर नको. यंत्र मोकळ्या आकाशाखाली चालू करून काही मिनिटांत उपग्रह पकडते का, खूण साठवून बंद-चालू केल्यावर टिकते का, हे बघा. शेवटी होडीतून ओळंब्याशी खोली ताडून बघा. विकणारा पाण्यावर यायला तयार नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. नवे घेताना पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी लेखी मागा. परदेशातून परस्पर आलेल्या यंत्राची दुरुस्ती इथे कोणी हातात घेईलच असे नाही.